एक्कावन्न फूट

हार्डशेल टेकडीवर दोन दफनभूमी आहेत, असं तिथली माणसं सांगत. परक्याला एकच दिसे. माथ्यावर म्हातारा ओक आणि दोन्ही उतारांवर थडगी. पण माथ्यावरून तारेचं कुंपण गेलं होतं, चढायला दोन बाजूंनी दोन वाटा होत्या, गवत कापायची दोन यंत्रं होती, आणि मे महिन्यात थडगी सजवायच्या रविवारी पाद्रीही दोन येत. अमेरिकेच्या यादवी युद्धात पूर्वेकडच्या घरांतली पोरं उत्तरेच्या फौजेत गेली, पश्चिमेकडची दक्षिणेच्या. मेली ती एकाच आठवड्यात, एकाच ओढ्याच्या काठी, आणि घरी आली ती एकाच बैलगाडीतून. ही शेवटची गोष्ट दोन्हीकडचे लोक सहसा सांगत नसत.

उत्तरेच्या शिपायांच्या शिळांना डोकं गोल, दक्षिणेच्यांना टोक. त्या फौजांच्या गणवेशांवरून पूर्वेकडच्यांना निळे म्हणत आणि पश्चिमेकडच्यांना करडे. युद्ध संपून दीडशे वर्षं झाली होती, पण केंटकीच्या त्या खोऱ्यात बातम्या तशा उशिराच पोचत.

आर्डिथ स्टिडहॅम करड्यांपैकी. जिल्ह्याच्या हायस्कुलात तिने एकतीस वर्षं भूमिती शिकवली होती. भुतांवर तिचा विश्वास नव्हता, पाद्र्यावर बेताचा होता. तिचा नवरा एस्टिल पश्चिम उतारावर, कुंपणापासून एकशे सत्तेचाळीस फुटांवर पुरलेला होता. कधीतरी त्याच्या शेजारी जाऊन पडायचं, एवढीच तिची पुढची योजना होती. तिच्यात कोळशाची कंपनी आडवी आली.

टेकडीच्या पोटात कोळसा होता आणि पश्चिम उतार कंपनीने विकत घेतला होता. थडग्यापासून शंभर फुटांत खणायचं नाही, असा कायदा. पण कंपनीच्या वकिलाने तो शेवटपर्यंत वाचला होता, जे खोऱ्यात कोणी केलं नव्हतं. थडगं म्हणजे नोंद असलेलं थडगं, असं त्याचं म्हणणं. १९११ साली नोंदी झाल्या तेव्हा कचेरीतला कारकून निळ्यांच्या घरातला निघाला, आणि त्याच्यासमोर टोपी काढून उभं राहायला करड्यांनी साफ नकार दिला. त्यामुळे निळ्यांची पंधरा थडगी नावानिशी कागदावर होती. करड्यांचं एकही नव्हतं. या बाणेदारपणाचा पश्चिमेकडे आजवर फार अभिमान होता.

उपाय अगदी सोपा होता. ही सगळी एकच दफनभूमी आहे असा अर्ज करायचा, खाली दोन्हीकडच्या सह्या. निळ्यांच्या वतीने सही करणार होबार्ट नेपियर. वय एकोणऐंशी, गुडघे त्याहून जुने. आर्डिथने कागद कुंपणावरून पुढे केला.

"सही कर, होबार्ट."

"कशावर?"

"आपण एक आहोत, यावर."

होबार्टने चष्मा लावून कागद वाचला, चष्मा काढला आणि कागद परत दिला. "माझे पणजोबा थडग्यातून उठतील, आर्डिथ."

"उठू देत. पुष्कळ झोप झाली."

"तुमच्या दगडांना टोकं कशाला गं काढलीत?"

"तुमच्यापैकी कोणी वर बूड टेकू नये म्हणून."

हे शेवटचे सवालजवाब दोघं शाळेत असल्यापासून करत आले होते. दोघांनाही बरं वाटलं. सही मात्र झाली नाही.

सोमवारी मोजणीदार आला. लॉवेल कॉडिल. कंपनीने नेमलेला, पण बाईंचाच विद्यार्थी, आणि भूमितीत दोनदा नापास झालेला.

"बाई, माझा नाइलाज आहे हो."

"तुझा तेव्हाही नाइलाजच होता. नीट मोज."

लॉवेलने नीट मोजलं. नोंद असलेल्यांपैकी सगळ्यात पश्चिमेचा दगड सार्जंट एलायहू नेपियरचा, म्हणजे होबार्टच्या पणजोबांचा. कुंपणाच्या पूर्वेला चार फुटांवर. तिथून पश्चिमेकडे शंभर फूट मोजून लॉवेलने नारिंगी फिती बांधलेल्या खुंट्या ठोकल्या. एस्टिल त्या रेषेच्या पलीकडे राहिला. एक्कावन्न फूट.

रेषेपलीकडच्यांना हमरस्त्याला लागून, टायरच्या दुकानामागे, सपाट जागा देण्यात येणार होती. 'सन्मानपूर्वक' असं कागदावर लिहिलं होतं. रविवारी सरकारी निरीक्षकबाई येऊन रेषा तपासणार आणि सही करणार. सोमवारी यंत्रं लागणार.

मंगळवारी सकाळी लॉवेलचा फोन आला. "बाई, जरा वर येता का? मोजायची फीत चुकतेय."

आर्डिथ एस्टिलची सुतारकामाची पोलादी फीत घेऊनच गेली. सार्जंट एलायहूच्या दगडापासून खुंट्यांपर्यंत शंभर फूट भरायला हवे होते. शहाण्णव भरत होते. तिने तीनदा मोजलं. दगड कुंपणाला चिकटून उभा होता.

"उन्हाने धातू ताणला जातो, बाई," लॉवेल म्हणाला.

"ताणलेली फीत कमी दाखवेल, हे पटण्यासारखं आहे. पण चार फूट? म्हणूनच नापास झालास."

पण हे म्हणताना ती लॉवेलकडे बघत नव्हती. दगडाच्या पायाशी शेवाळ होतं, जुनं, हिरवंगार, आणि ते मातीपासून दगडावर सलग चढलेलं होतं.

नियमाप्रमाणे लॉवेलने खुंट्या उपटल्या आणि चार फूट पुढे ठोकल्या.

बुधवारी दगड कुंपणाच्या पश्चिमेला होता. कुंपणापासून नऊ फुटांवर, करड्यांच्या पहिल्या रांगेत, दोन टोकदार दगडांच्या मधोमध. तारा शाबूत होत्या. गवतावर दंव होतं आणि दंवात एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. दगडाच्या गोल डोक्यापासून शेजारच्या टोकापर्यंत कोळ्याचं जाळं होतं, आणि त्यात अडकलेल्या माश्या वाळलेल्या होत्या.

होबार्ट हातातली काठी परजत वर आला. "माझे पणजोबा चोरले!"

"कोणी?"

"तुम्ही करड्यांनी! शंभर फूट पुढे ढकलायला! हे तुझं डोकं आहे, मास्तरीण."

"होबार्ट, तो दगड चार गड्यांना हलत नाही. माझी कंबर तुला माहीत आहे."

"तुझी कंबर मला कशी माहीत असेल?"

लॉवेल खाकरला. त्याच्याकडे माती चाचपायची लांब सळई होती. एकदा खणलेली जमीन शंभर वर्षांनीही भुसभुशीत राहते, सळई तिथे सहज उतरते, कोऱ्या जमिनीत अडते. त्याने नव्या जागी, दगडापुढे सळई दाबली. ती चार फूट खाली गेली आणि कशावर तरी हलकेच टेकली. मग कुंपण ओलांडून त्याने जुन्या जागी दाबली. दोन इंचांवर खडक लागला. चार ठिकाणी बघितलं. खडकच.

"इथे कधी कोणाला पुरलेलंच नाही," लॉवेल म्हणाला. मग सळई खांद्यावर घेत, "बाई, मला घरी जायचंय."

"आधी खुंट्या हलव."

त्याने हलवल्या. आता अडतीस फूट उरले.

नंतरच्या तीन दिवसांत बाकीचे चौदा आले. येताना कोणी पाहिले नाहीत. होबार्ट घडीची खुर्ची घेऊन दुपारभर राखण बसला. वारा नव्हता, ओकाचं पान हलत नव्हतं. पाणी प्यायला त्याने मान वर केली आणि खाली आणली, तेवढ्यात कॉर्पोरल आयझम कुंपणापार झालेला होता. होबार्टने सांगितलं ते इतकंच. ओल्या लोकरीचा वास आला, आणि प्रार्थनेच्या शेवटी सगळा गाव उभा राहतो तेव्हा होतो तसा आवाज.

आर्डिथने करड्यांच्या रांगा मोजून काढल्या. दगड सव्वा तीन फुटांवर होते, सोमवारी ते पाचांवर असल्याचं तिच्या वहीत होतं. ते आत सरकले होते. जागा करून दिली होती. भूमितीत याला काही नाव नव्हतं, म्हणून तिने नुसते आकडे लिहिले आणि खाली दुहेरी रेघ मारली.

शनिवारी दुपारी होबार्ट पक्कड घेऊन कुंपणाशी उभा होता.

"आर्डिथ, हे असं का करतायत?"

"मला काय विचारतोस? मी कोन शिकवत होते."

"माझ्या आजोबांनी ही तार ताणली. मी तीनदा दुरुस्त केली." त्याने वरची तार चिमटीत धरली. "त्यांना ती अडतच नाही. अडते ती आपल्याला."

तार तुटताना टणकन वाजली. मग दुसरी. तिसऱ्या तारेला त्याचा गुडघा वाकेना, म्हणून आर्डिथने पक्कड त्याच्या हातातून घेतली. वाकताना तिचीही कंबर धरली, पण ते तिने होबार्टला कळू दिलं नाही.

रविवारी थडगी सजवायला दोन्ही वाटांनी माणसं चढली. तळलेली कोंबडी, शेंगदाण्याच्या तेलाचे डाग पडलेल्या पिशव्या, मक्याचे पाव, वाळवलेल्या सफरचंदांचा सात थरांचा केक. केक दोन आले, एक निळ्यांचा आणि एक करड्यांचा. दोन्ही एकाच चवीचे असत, हे त्या दिवशी पहिल्यांदा उघडकीला आलं. माथ्यावर कुंपण नव्हतं, खाली उतारावर गोल आणि टोकाचे दगड आळीपाळीने उभे होते. गोल, टोक, गोल, टोक. माणसं ते बघून आवाज खाली आणत होती. मुलांना मात्र कोणी हाताला धरून ठेवलं नव्हतं.

बारा वाजता निरीक्षकबाई आल्या, मागे कंपनीचा वकील, बुटांना चिखल लागू नये अशा बेताने.

"सगळ्यात पश्चिमेचं नोंदलेलं थडगं कुठलं?" बाईंनी यादी काढली.

लॉवेल घसा साफ करून म्हणाला, "सार्जंट एलायहू नेपियर." आणि खाली बोट दाखवलं.

सार्जंट आता सगळ्यात शेवटच्या रांगेत होता. स्टिडहॅमांच्या थडग्याला लागून, उजव्या बाजूला.

"हे दगड हलवलेत!" वकील ओरडला. "सोमवारच्या नकाशात हा कुंपणाच्या पलीकडे आहे!"

"कुठलं कुंपण?" कोणीतरी विचारलं.

निरीक्षकबाईंनी सळई मागून घेतली आणि स्वतः दाबली. चार फूट. दुसऱ्या दगडापुढे, चार फूट. पंधराही ठिकाणी त्यांनी दाबली, कारण त्या सरकारी बाई होत्या. पंधराव्यानंतर त्यांनी तळवे स्कर्टला पुसले, एकदा पुसून परत पुसले.

"हा कधीपासून इथे आहे?" त्यांनी होबार्टला विचारलं.

होबार्ट चर्चचा डीकन, म्हणजे पाद्र्याच्या हाताखालचा सेवक होता. दोन्ही पाद्री सहा फुटांवर उभे होते. त्याने टोपी काढली.

"पहिल्यापासून, मॅडम," तो म्हणाला. "माझे पणजोबा कुठे झोपतात ते मला ठाऊक नसेल?"

"खोटं बोलतोय!" वकील म्हणाला.

"डीकनला खोटारडा म्हणतोस?" करड्यांचा पाद्री म्हणाला. दीडशे वर्षांत पहिल्यांदाच करड्यांचा पाद्री निळ्यांच्या डीकनच्या बाजूने उभा राहिला होता, आणि तोही खोट्याच्या.

निरीक्षकबाईंनी सही केली.

लॉवेलने खुंट्या उचलल्या. तो चालत गेला, शंभर फूट, एस्टिलच्या पार पुढे, उतार संपेपर्यंत, रस्त्यापर्यंत, कंपनीच्या पिवळ्या यंत्राच्या सुळ्यापर्यंत. शेवटची खुंटी त्याने यंत्राच्या पट्ट्यापलीकडे ठोकली.

तेव्हा टेकडीवरून जो जल्लोष उठला तो खाली हमरस्त्यावर टायरवाल्यालाही ऐकू गेला. यंत्रचालकाने मुकाट्याने यंत्र मागे घेतलं. लॉवेल हातोडी डोक्यावर फिरवत होता. होबार्टने आर्डिथला मिठी मारली आणि लगेच सोडली.

"बैस आता," ती म्हणाली आणि जवळच्या टोकदार दगडाकडे हात केला. "आज बसलास तरी चालेल."

"टोचेल गं."

मेजं जोडली गेली. दोन्ही केक संपले.

माणसं गाऊ लागली तेव्हा आर्डिथ पिओनीची फुलं घेऊन एकटीच खाली एस्टिलकडे गेली. शिळा दोघांची होती. तिकडे एक जण गेला की दोघांचीही नावं कोरून ठेवतात, कारागिराची खेप वाचते. डावीकडे एस्टिल आणि त्याची दोन्ही सालं. उजवीकडे आर्डिथ, जन्मसाल, एक आडवी रेघ आणि पुढे गुळगुळीत दगड. त्याच्या उजवीकडे सार्जंट एलायहू.

फुलं ठेवायच्या नळकांड्याला खाली वीतभर लोखंडी खिळा असतो. तो ती नेहमी आपल्या अर्ध्या भागात रोवत असे, एस्टिलला टोचायला नको म्हणून. तिथे कधी कुदळ लागली नव्हती. चिकणमाती इतकी कडक, की दरवर्षी धोंड्याने ठोकावं लागे.

तिने खिळा टेकवला आणि धोंडा शोधायला मान वळवली.

मान परत आणली तेव्हा नळकांडं गवतात बुडालं होतं. मग देठ गेले. मग फुलं. गवत दुभंगलं नव्हतं.

तिने हात आत घातला. कोपरापर्यंत सहज गेला. आत ऊब होती.

वर माणसं तिसऱ्या कडव्यावर आली होती. हाताखालची माती हलली, जरा उशिरा आलेल्या माणसासाठी चर्चच्या बाकावर कोणी सरकून घेतं तशी.

आधी डावीकडे. मग, थोडा विचार करून, उजवीकडेही.