दारातून परत गेलेली नर्स

पॅलिएटिव्ह केअरच्या नर्सला प्रणवने दारातूनच परत पाठवलं आणि दार लावून घेत तो बायकोवर कडाडला, "कुणाला विचारून बोलावलंस हिला? यू हॅव गिव्हन अप ऑन हिम, कादंबरी. बाबांना मारायला निघालीयस तू."

कादंबरीच्या मस्तकात तिडीक गेली... ज्या सासऱ्यांचं अंग पुसायला, उलट्या काढायला तिने चांगली नोकरी सोडली, त्यांचीच मारेकरी ती! आणि हा पितृभक्त दिवसभर ऑफिसात बसून नव्या औषधांच्या ट्रायल शोधणार, संध्याकाळी येऊन 'बाबा, आज बरे दिसताय' म्हणणार. घरात कॅन्सर हा शब्द उच्चारायचा नाही, हाही याचाच हुकूम. बाबांना छातीत इन्फेक्शन आहे म्हणून सांगायचं. हॉस्पिटलात डॉक्टर इंग्रजीत बोलत आणि हा मराठीत गोड गोड करून सांगे. जणू कॅन्सर हा शब्द मराठी माणसाला कळतच नाही!

"ती बाई मारायला येत नाही रे," कादंबरी दातओठ खात म्हणाली. "केमो चालू असतानाही येतात त्या. दुखणं, धाप, मळमळ... सगळं कमी करायला बघतात."

"मॉर्फिन देतात. आय नो व्हॉट दॅट मीन्स."

"काहीही माहीत नाही तुला."

खरं काय ते एका वाक्यात सांगता आलं असतं. पण बाबांना शब्द दिला होता... त्या शब्दापायी हा कलंक गिळत ती तशीच उभी राहिली.

"मी सांगितलं हिला नर्स बोलवायला."

तिचे सासरे, सूर्यकांत, भिंतीला धरून खोलीच्या दारात उभे होते. तेवढ्या चालण्यानेही त्यांचा चेहरा घामाने डबडबला होता.

"बाबा, तुम्ही आराम करा. इन्फेक्शन..."

"पुरे रे. कॅन्सर आहे मला. पहिल्यापासून ठाऊक आहे. तू खचशील म्हणून गप्प राहिलो, हिलाही गप्प बसवलं... चुकलंच माझं." धाप लागून ते थांबले. "लढतोयस तू, प्रणव. दुखतंय मला."

प्रणवने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि तो लहान मुलासारखा हुंदके देऊ लागला. मग त्याने फोन काढला आणि नर्सला परत येण्याची विनंती केली.

"आय ॲम सॉरी, कादंबरी... खरंच."

तिचा राग तसूभरही ओसरला नव्हता.

"सॉरी नंतर म्हण. आधी बाबांना त्या बाजूने धर."

इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच प्रणवने बापाचा भार अंगावर घेतला... आणि तो किती हलका झालाय, हे त्याला तेव्हा कळलं.