अपियोची सावली

दिवा जरा इकडे सरकव. हे सांगताना समोर कुणाचा तरी चेहरा दिसलेला बरा.

त्या दिवशी मी वाळत घातलेल्या मासळीचा फोटो काढायला निघालो होतो. सकाळी माझ्या लेकीने, अपियोने, नैरोबीहून शब्द पाठवला होता, 'चंदेरी'. तिच्या मैत्रिणींचा खेळ तो. रोज एक शब्द यायचा आणि ज्याने त्याने त्याला साजेसं काहीतरी टिपून पाठवायचं. तिचा जुळा भाऊ ओडोंगो सरोवरात बुडाला, तेव्हापासून मी घराबाहेर पडत नव्हतो. म्हणून तिने मलाही त्यात ओढलं.

फोटो पाठवला. लगेच फोन आला. "बाबा, मासळी छान, पण मध्ये तुमचं बोट आलंय! आता तेही वाळत घातलंत का?"

खूप दिवसांनी मी हसलो.

दुसऱ्या दिवशीचा शब्द होता, 'सावली'. ऊन लख्ख होतं. अंगणात ओडोंगोच्या कबरीपाशी उभं राहून मी माझीच सावली टिपली. कबरीत ओडोंगो नव्हता. सरोवराने देह परत दिला नाही, की आमच्यात काठावर जाऊन गेलेल्याला नावाने हाक मारतात आणि यागोच्या झाडाचं लांबट फळ पाण्याला लावून घरी आणतात. हाकेसरशी जीव त्या फळात येतो. मग ते फळ पुरतात.

अपियोचा आवाज त्या दिवशी वेगळाच होता. "बाबा, तुमच्या शेजारी कोण उभं होतं?"

"कुणी नाही गं."

"नीट बघा ना..."

फोटोत माझ्या सावलीच्या दोन्ही बाजूंना आणखी दोन सावल्या होत्या. एक उंच. दुसरीच्या डोक्यावर बारीक वेण्यांचा बुचडा. थेट अपियोसारखा.

भर उन्हात मला हुडहुडी भरली. कुजक्या शेवाळाचा वास आला. सरोवर तर टेकडीखाली, लांब.

"तू बरी आहेस ना, पोरी?"

"हो. सकाळपासून पाय तेवढे ओले वाटतायत. मोजे बदलले तरी... थांबा, कणीस घ्यायला रस्त्यावर आलेय. माझी सावली पाठवते."

फोटो आला. कणीसवालीला सावली होती. तिच्या शेगडीलाही होती. अपियो हसत होती, आणि तिच्या पायाशी नुसती धूळ.

मी बायकोपुढे फोन धरला. तिने एकदा फोटोकडे, एकदा कबरीकडे पाहिलं.

"अहो... त्या दिवशी काठावर मी हाक कशी मारली होती?"

मला आठवलं. अपियो-ओडोंगोऽऽ! जुळी पोरं. जेवायला, झोपायला, जन्मभर तिने दोघांना एका दमात हाक मारली. त्या दिवशीही ओठांवर तीच आली. रडारडीत कुणाच्या ध्यानात आलं नाही. तिला काय बोल लावायचा?

"मग त्या फळात तीही आली असेल का हो?"

मी कुदळ घेतली. फळ एव्हाना कुजायला हवं होतं. ते हिरवंगार होतं, ओलं, आणि हातात घेतलं तर कोमट... तापातल्या लेकरासारखं.

आम्ही ते काठावर नेलं. पाण्याला लावताना बायको हळूच म्हणाली, "अपियो, तू जा, बाळा. नैरोबीला जा. ओडोंगो, तू एकटाच ये."

परतताना मागे बघायचं नसतं. आम्ही बघितलं नाही. मागून पाण्यातून कुणीतरी चालत येत होतं... एकाचीच पावलं, एवढं मात्र मी कान देऊन ऐकलं.

फळ पुरलं न पुरलं तोच अपियोचा फोन आला. "बाबा, पाय कोरडे झाले! आणि सावलीपण आली. फोटो पाठवलाय, बघा."

सावली खरंच आली होती. बायको देवाचं नाव घेऊन रडायला लागली. मी तिच्या हातातून फोन काढून घेतला.

अपियोने दोन्ही हातांनी पिशवी धरली होती. सावलीचा डावा हात वर होता, ओडोंगो होडी सोडताना आम्हाला हात करायचा तसा. आणि डोक्यावर वेण्या नव्हत्या.

मी कुणाला काही बोललो नाही. लेक हसते आहे, कामावर जाते आहे.

काल शब्द आला, 'घर'. माझ्याआधी तिचाच फोटो येऊन पडला. आमचं अंगण, कबरीच्या बाजूने, जमिनीलगतून काढलेलं. त्यात पाठमोरा मी, तेव्हा अंगात होता तोच सदरा घातलेला.

अपियो नैरोबीतच होती.