सहा इंच खाली

सरांच्या हाताखाली मी आर्किटेक्ट म्हणून अठरा वर्षं काढली. त्यांनी बांधलेल्या प्रत्येक घरात बैठकीची खोली सहा इंच खाली असायची. "खोलीत शिरायचं नसतं, उतरायचं असतं," म्हणायचे. सर गेल्यावर मी स्वतःचं ऑफिस काढलं, पण माझं कुठलंही काम पाहून लोक म्हणत, "अगदी सरांचंच वाटतं." सुरुवातीला बरं वाटायचं. नंतर ऐकून ऐकून कान किटले.

बायकोचे पाय गेले तेव्हा तिच्यासाठी घर बांधायला घेतलं. पायरी नाही, उंबरठा नाही. चाकांची खुर्ची दारापासून खिडकीपर्यंत सरळ जायला हवी. खिडकी फरशीपासून अडीच फुटांवर, म्हणजे बसल्या बसल्या तिला रस्ता दिसेल. सरांना हे घर आवडलं नसतं, आणि त्याचं मला काडीचंही वाईट वाटत नव्हतं.

जमिनीचं काँक्रीट झाल्यावर साइटवर गेलो, तर बैठकीची खोली सहा इंच खाली.

"हे काय करून ठेवलंत?" मी कंत्राटदाराला विचारलं.

त्यानं नकाशा पुढे केला. "साहेब, तुम्हीच लिहिलंय."

अक्षर माझंच होतं. सवयीनं हात गेला असणार. स्वतःलाच चार शिव्या घातल्या आणि खोली भरून घ्यायला सांगितली.

भरून झाल्यावर त्यानं पाण्याची नळी धरून सपाटी दाखवली. दोन्ही टोकांना पाणी एका रेषेत होतं. तरी आत पाऊल टाकताना माझा पाय खाली गेला. फरशीवाल्याचाही गेला. "उगाच पाय चुकला," म्हणत तो ओशाळून हसला. दिवसभर येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाचा पाय चुकत राहिला. मी काम तसंच पुढे चालू ठेवलं. थकलो होतो.

राहायला आलो. तिची खुर्ची अलगद आत गेली, हिसका नाही की काही नाही. खिडकीशी बसून ती रस्त्यावरच्या माणसांची टिंगल करू लागली. किती महिन्यांनी तिचा तो आवाज ऐकत होतो. माझे डोळे भरून आले.

पंधरा दिवसांनी म्हणाली, "अहो, खिडकी उंच झालीये का?"

टेप लावली. अडीच फूट.

"तुमची टेपही तुमच्यासारखीच. चूक म्हणून कबूल करायची नाही."

पुढच्या आठवड्यात तिला माणसांची नुसती डोकी दिसू लागली. मग फक्त आभाळ. टेप अडीच फूटच दाखवत होती.

तिला बाहेर काढायला गेलो. फरशी सपाट, पण दाराशी खुर्ची अडली. कंत्राटदाराला बोलावलं. दोघांनी मिळून जोर लावला, घामाघूम झालो, खुर्ची हलेना. तिला उचलून पाहिलं, तेही जमलं नाही. आम्ही दोघं कसेबसे बाहेर आलो. तो परत आला नाही.

"राहू द्या," ती म्हणाली. "दमलात तुम्ही."

आता मी आत जात नाही. मीही अडकलो तर तिला चहा कोण देणार?

सकाळी ती दाराशी येते. मी बाहेरूनच कप देतो. आधी वाकून भागायचं. काल गुडघे टेकावे लागले.

आज फरशीवर पालथा पडून हात खाली सोडला, तेव्हा कुठे कप तिच्या बोटांना लागला.