ब्रिजिटला दिलेलं उत्तर

मी थापा मारतो, हे इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सच्या अख्ख्या मराठी मंडळाला ठाऊक आहे. मारतोच. पण ही थाप नाही. यमुनाताईची शपथ.

यमुनाताई माझी थोरली बहीण. नागपुरात असते, वय एक्क्याण्णव. डोळे गेलेत. दर रविवारी फोनवर माझा आवाज ऐकते, मगच जेवते.

गेल्या आठवड्यातला गुरुवार. दुपारचे तीन. उत्तर आयर्लंडमधल्या एका गावातलं जुनं कोर्ट. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

माझी नात सान्वी कायद्याचा इतिहास शिकते. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या एका खटल्यासाठी आम्ही तिथं गेलो होतो. मालकाला विष घातलं म्हणून ब्रिजिट नावाच्या मोलकरणीला फाशी झाली. घातलं होतं मालकाच्या मुलानं. ज्युरीतल्या बाराही जणांना ते माहीत होतं.

"आजोबा, ज्युरीचा फोरमन उभा राहून म्हणाला, गिल्टी. मग एका वर्षात बाराही लोकांचा आवाज गेली."

"गेला गं, गेला."

"तेच! तिने गळा पकडली त्यांची."

मी हसलो आणि जाऊन नेमका फोरमनच्या जागेवर बसलो. "बघू, माझा पकडते का!"

"आजोबा, डोन्ट! इट्स नॉट फनी." रागावून ती खालच्या कोठड्यांचे फोटो काढायला गेली.

मी एकटाच.

मागचं बाक करकरलं...

मग त्याच्या शेजारचं...

वळून पाहिलं. कुणीच नाही. सान्वीची पावलं ऐकू येईनात. बाहेरच्या गाड्यांचा आवाजही नाही.

पुन्हा समोर पाहिलं, तर आरोपीच्या पिंजऱ्यात एक बाई उभी होती. राखाडी झगा. मान एका बाजूला कललेली. वाटलं, गाईड असेल, पर्यटकांसाठी नटलेली.

तिनं हळूच विचारलं, "यू डोन्ट थिंक आय डिड इट?"

मी मान डोलावली. "यस, यस."

आता आपलं कसं असतं? "जेवला नाहीत ना?" असं विचारलं, की आपण म्हणतो, "हो, नाही जेवलो." मलाही तेच म्हणायचं होतं. हो बाई, तू नाही केलंस.

इंग्रजीत त्याचा अर्थ उलटा होतो.

तिची कललेली मान सरळ झाली... आणि ती हसली.

"नो, नो" म्हणायला मी तोंड उघडलं.

आवाज आलाच नाही.

सान्वी धावत वर आली तेव्हा पिंजरा रिकामा होता. डॉक्टर म्हणतात, घसा ठणठणीत आहे. म्हणून तर हे लिहून सांगतोय.

त्या रविवारी सान्वीनंच ताईला फोन लावला. "आजी, आजोबांचा घसा बसलाय, ते फक्त ऐकतील," म्हणाली आणि फोन माझ्याकडे दिला. मी ओठ मिटून ऐकत बसलो.

ताईनं दोनदा "हॅलो, कोण?" विचारलं.

मग म्हणाली, "विष्णू, ही कोण बाई रे तुझ्या फोनवर? माझं नाव घेऊन सारखं 'गिल्टी, गिल्टी' का म्हणतेय?"

मी फोन बंद केला.

उद्या पुन्हा रविवार. फोन केला नाही, तर ताई जेवणार नाही.

आणि केला, तर...