टाकळदऱ्याला निघालेली लस

सत्त्याऐंशीच्या चैत्रात गोवराची लस घेऊन आम्ही तिघं टाकळदऱ्याला निघालो. येरमाळ्याच्या रस्त्यावरच्या गावांना ती केव्हाच मिळाली होती, कारण तिथं जीप जात होती. डोंगरातल्या टाकळदऱ्याला जीप जात नव्हती, म्हणून लसही गेली नव्हती. शेजारच्या वाडीत गोवरानं दोन मुलं नेली, तेव्हा टाकळदऱ्याचे कोंडिबा आमच्या दवाखान्याच्या दारात येऊन बसले.

"माझी नात अकरा महिन्यांची हाय. नर्सबाईला घेतल्याबिगर म्या हलत न्हाय!"

पुढं कोंडिबा, मध्ये नर्स शिवगंगाबाई आणि मागं मी, दवाखान्याचा शिपाई, खांद्यावर बर्फाची पेटी. बर्फ दुपारपर्यंत टिकणार होता आणि वाट चार तासांची होती. दुष्काळानं डोंगर पार खरवडून काढला होता. ओढ्यात नुसते गोटे, सावलीला एक झाड धड नाही, आणि पायाखालचा मुरूम सारखा निसटत होता.

खिंडीत मला बिडीची तलफ आली. अकलेचा कांदाच मी! वर कपारीत आग्या मोहोळ होतं. धूर वर गेला आणि मोहोळ उठलं!

"लिंबाजी, पळा!" बाई ओरडल्या.

पळालो. पेटी सोडली नाही. पाय घसरला, गुडघा फुटला, मानेवर डंखावर डंख! कोंडिबांनी माझ्यावर घोंगडं टाकलं आणि मला ओढतच खिंडीपार नेलं.

टाकळदऱ्याच्या वाडीत पोहोचलो तेव्हा माझे डोळे सुजून मिटत आले होते. बाईंनी पेटी कोंडिबांच्या घरात ठेवली आणि त्या माझ्या अंगातले काटे काढायला बसल्या. तोवर बावीस लेकरं जमली. सुया उकळून बाई पेटीकडं गेल्या. पेटी रिकामी! कोंडिबांच्या बायकोनं, सरुबाईनं, सगळ्या कुप्या चुलीतल्या गरम राखेत मांडल्या होत्या.

"लई गारठलं व्हतं, बाई. गार औषध लेकरांला बाधंल म्हून ऊन केलं," ती मायेनं म्हणाली.

बाईंनी एक कुपी उचलली, ती चांगलीच तापली होती. उष्णतेनं लस वाया गेली होती.

"तरी टोचा," कोंडिबांनी हात जोडले.

"नुसतं तुमचं समाधान होईल, बाबा. गोवर थांबायचा नाही." बाई राखेतून कुप्या वेचत म्हणाल्या. तशीच टोचली असती तर कुणाला कळलंही नसतं. मी तर टोचून मोकळा झालो असतो. "गुरुवारी खाली दवाखान्यात नवी लस येईल. लेकरं घेऊन या."

गुरुवारी अख्खी वाडी त्याच खिंडीतून खाली उतरली. एकवीस लेकरांना लस मिळाली! कोंडिबांच्या नातीच्या अंगावर मात्र आदल्या दिवशीच पुरळ उठलं होतं. दवाखान्यात पंधरा दिवस झुंजून पोर जगली. डावा डोळा गेला.

तिला घरी न्यायला आलेल्या कोंडिबांनी विचारलं, "बाई, खालच्या गावांला लस कवा दिलती?"

"माघात." बाईंनी खरं तेच सांगितलं.

म्हाताऱ्यानं नातीला उचलून खांद्यावर घेतलं.

"नुसता सांगावा धाडायचा व्हता, बाई. म्या पोरीला अशीच खांद्यावर घिऊन आलो असतो."