स्ट्राँगरूमखालचा माणूस

काँक्रीटचा कोबा खचला होता. बँकेच्या नव्या इमारतीत, स्ट्राँगरूमच्या जागी, परातीएवढा खळगा पडला होता आणि दोन दिवसांत तो वाढला होता. मंगळवारी सकाळी बँकेच्या इंजिनियरने तो फोडायला सांगितला. बांधकामाचा गुत्तेदार बद्रीनाथ म्हणाला, वरून मुरूम टाकू, पाणी मारू, बसेल. इंजिनियर ऐकेना. सटवा गवंड्याने पहार मारली.

हातभर खाली पहार मऊ लागली. सटवाने हाताने मुरूम बाजूला केला, मग हात मागे घेतला. खाली माणसाचे केस होते.

१९९५ चा एप्रिल होता. बीडच्या या भागात तीन वर्षांपूर्वीपर्यंत ज्वारी उभी असायची. आता टेलिफोनचं ऑफिस झालं होतं, एका पतसंस्थेच्या तीन मजल्यांना काचा बसत होत्या, आणि मधल्या प्लॉटवर ही बँक. जागा गुळवे वाण्यांची, वडिलोपार्जित शेताचा तुकडा. अक्षय तृतीयेला उद्घाटन ठरलं होतं.

फौजदार अर्जुनराव आघाव पोचले तेव्हा बद्रीनाथ दारातच होता.

"साहेब, ही वाण्यांची जुनी समाधी हाय. पाया खणताना आशाच दोन निघाल्यात्या. लिंगायत मानूस बसवून पुरत्यात. त्यांच्या स्वामींना बोलावतो, पूजा करून हलवू. पंचनाम्याचं काय काम न्हाई."

आघावांनी उरलेला मुरूम काढायला लावला. खांदे उघडे पडले.

"जुन्या समाधीतल्या माणसाच्या अंगात टेरिकॉटचा शर्ट नसतो," ते म्हणाले.

मृतदेह मांडी घालून पायाच्या भिंतीला टेकवलेला होता. डोक्याच्या मागच्या बाजूला खोल जखम. गळ्यात दोऱ्याला चांदीची डबी, उघडी आणि रिकामी. उजवी मूठ मांडीवर आवळलेली होती. ती सोडवल्यावर आत त्या डबीतलं काळं, गुळगुळीत इष्टलिंग सापडलं. मांडीभोवती पांढरे खडे होते.

"भस्म," कोणीतरी मागून म्हणालं.

आघावांनी एका खड्यावर नख दाबलं. नख उमटलं नाही. त्यांनी खडा रुमालात बांधला.

ओळख पटवायला मल्लिनाथ गुळवे आला. शर्ट पाहताच त्याने ओळखलं. मेलेला माणूस त्याचा धाकटा भाऊ योगीराज होता. नऊ दिवसांपूर्वी, बाजाराच्या रविवारी, तो घरातून निघाला होता. भावाशी भांडून परळीला मामाकडे गेला असेल असं घरच्यांनी धरलं होतं. तो तसा आधीही गेला होता.

दुपारपर्यंत गावात एकच बोलणं होतं. बसवून पुरलंय, हातात लिंग दिलंय, भस्म टाकलंय. म्हणजे घरच्याच माणसाचं काम.

पोलीस ठाण्यात मात्र वेगळंच ठरलं होतं. बांधकामावरचा राखणदार हरिबा धनगर ओळख पटताच कोठडीत गेला होता. या शेतात पूर्वी त्याची मेंढरं बसायची; इमारत आली तसा तो तिचाच राखणदार झाला. योगीराज नाहीसा होण्याच्या दोन दिवस आधी त्याने चहाच्या टपरीवर हरिबाची गचांडी धरली होती. दहा जणांनी पाहिलं होतं. मोठ्या साहेबांना एवढं पुरे होतं.

"उद्या अकराला त्याला कोर्टात उभा करायचा," ते म्हणाले. "तुम्हाला दुसरं काही दिसत असेल तर त्याच्या आत दाखवा."

ठाण्याच्या लिंबाखाली हरिबाची बायको तुळजाबाई बसली होती. आघाव जवळून जाताना ती उठली नाही.

"सायब, माझ्या मालकानं कोंबडी बी दुसऱ्याकडून कापून घेतली जल्मभर," ती म्हणाली. "आन तुमचे शिपाई त्याला मानूस मारल्याचं विचारत्यात."

आघाव कोठडीत गेले. हरिबाच्या डाव्या गालावर वळ होता.

"रविवारी कुठं होतास?"

"वडवणीला गेलतो. सासुरवाडीला."

"परत कधी आलास?"

"दिवस मावळताना."

"योगीराजनं गचांडी का धरली?"

हरिबा धोतराच्या काठाचा दोरा उसवत राहिला.

"हरिबा, उद्या कोर्ट आहे. बोलला नाहीस तर सुटायचा नाहीस."

"सुटून काय करू, सायब," हरिबा म्हणाला, आणि भिंतीकडे वळला.

हे उत्तर आघावांना खटकलं. खोटं बोलणारा माणूस सुटायला धडपडतो.

तिथून ते गुळव्यांच्या दुकानात गेले. किराणा, आणि एका कपाटात पूजेचं सामान: कापूर, वाती, भस्माच्या गोळ्यांची काचेची बरणी. मल्लिनाथने काहीच लपवलं नाही. बँकेला जागा त्यानेच दिली होती. पाया खणताना पणजा-पणजीच्या समाध्या निघाल्या तेव्हा योगीराजने दोनदा काम बंद पाडलं. स्वामी आले, विधी झाला, अस्थी दुसऱ्या शेतात नेल्या.

"तेव्हा तिथं कोण होतं?"

"आमी, स्वामी, गुत्तेदार, मजूर."

"काय दिसलं होतं?"

"बसलेली हाडं. सगळी ढासळून मांडीत पडलेली. त्यातच लिंग, भस्म." मल्लिनाथने तराजू बाजूला सारला. "आजोबांची समाधी सापडायची राह्यली होती. योगीराज रोज खड्डे बघत हिंडायचा. मी म्हणलं, बास कर आता, बँकवाले दुसरी जागा बघतील. त्यावरून आमचं वाजलं. मारलं मात्र मी न्हाई, साहेब. लोक काय म्हणत्यात ते मला कळतंय."

आघावांनी बरणीतली एक गोळी मागून घेतली. बोटांत दाबली. तिचं पीठ झालं.

मल्लिनाथची आई बसम्मा माजघरात पूजेला बसली होती. मूल गेलेलं असलं तरी पूजा चुकवता येत नाही, असं सून दबक्या आवाजात म्हणाली. म्हातारीच्या डाव्या तळव्यावर लिंग होतं. उजव्या हाताने ती त्यावर बेलाचं पान ठेवत होती. आघाव उंबऱ्याबाहेर उभे राहिले. पूजा संपेपर्यंत ते हलले नाहीत.

संध्याकाळी त्यांनी सटवाला गाठलं. बाजारामुळे रविवारी काम बंद होतं, असं त्याने सांगितलं. सोमवारी सकाळी मजूर आले तेव्हा बद्रीनाथ आधीच येऊन बसला होता. स्ट्राँगरूमचा मुरूम सारखा केलेला, वर भरपूर पाणी मारलेलं.

"म्हनले, मी पानी मारलंय, लगेच कोबा टाका. मी म्हनलं, धुम्मस करून ठोकून घिऊ, भरनी नीट बसंल. तर म्हनले, टाइम न्हाई."

"फरशी कधी बसणार?"

"मोझॅकला आजून पंधरा दिस हायत. सामान येऊन पडलंय कोठीत. किल्ली गुत्तेदाराच्या करदोड्याला. पांढरं सिमिट महाग असतंय ना, आमच्या हाताला लागू देत न्हाईत."

आघावांनी रुमालातला खडा त्याच्या हातावर ठेवला. सटवाने तो दगडावर वाजवून पाहिला, मग मान वर करून आघावांकडे पाहिलं. 

बुधवारी सकाळी नऊला आघावांनी सगळ्यांना बांधकामावर बोलावलं. मल्लिनाथ आला, बद्रीनाथ आला, सटवा होताच. हरिबाला बेड्या घालून आणलं होतं. मोठे साहेब घड्याळ बघत उभे होते.

आघावांनी आधी पाण्याची दोन भांडी मांडली; एकात दुकानातून आणलेली भस्माची दुसरी गोळी टाकली, दुसऱ्यात मांडीभोवतीचा खडा. भस्माचं पाणी दुधासारखं पांढरं झालं. खडा तळाशी तसाच पडून राहिला.

"योगीराजला बसवून पुरलं, म्हणून आपण सगळ्यांनी धरलं की हे घरच्याचं काम," ते म्हणाले. "पण ज्याच्या दुकानात भस्माची बरणी भरलेली आहे, तो भस्म सोडून पांढरं सिमेंट कशाला टाकेल? हे सिमेंट आहे. वरून पाणी मारलं, ते खाली झिरपलं आणि हे दगड झालं."

त्यांनी बद्रीनाथकडे हात पुढे केला. "कोठीची किल्ली द्या."

कोठीत पांढऱ्या सिमेंटची सहा पोती होती. एकाचं तोंड फाडलेलं होतं.

"फरशीला पंधरा दिवस आहेत. हे कशाला फोडलंत?"

"फुटलं आसंल उचलताना. साहेब, कोठीचं कुलूप हरिबानं बी उघडलं आसंल. रात्रंदिस तोच हितं असतो."

"असेल. मग एक सांगा. योगीराजच्या हातात लिंग ठेवायचं झालं तर कोणत्या हातात ठेवाल?"

"मला काय ठाव? मी त्या जातीचा हाय का?"

"अंदाजानं सांगा."

बद्रीनाथने खांदे उडवले. "उजव्या. देवाचं काम उजव्या हातानं."

आघाव मल्लिनाथकडे वळले. त्याने न बोलता डावा तळवा पुढे केला होता.

"लिंगायताचं लिंग डाव्या तळव्यावर असतं. जिवंतपणी पूजेत, मेल्यावर समाधीत. लिंगायताच्या पोराला हे आधी कळतं, आठवड्याचे वार नंतर. मल्लिनाथनं हे केलं असतं तर ही चूक झालीच नसती. योगीराजच्या उजव्या मुठीत लिंग होतं. ज्यानं ठेवलं त्यानं समाधी पाहिली होती, पण हाडांची. ढासळलेल्या हाडांत लिंग कुठल्या हातातलं ते दिसत नाही. पाया खणताना उभा राहून पाहिलेला, विधी न येणारा माणूस. मजूरही होते तिथं. पण सिमेंटची किल्ली मजुरांकडे नाही, आणि हरिबाकडेही नाही. सोमवारी धुम्मस न करता कोबा टाकायची घाई मजुरांना नव्हती. आणि काल फक्त केस दिसत होते, तेव्हा ही जुनी समाधी आहे असं मला एकाच माणसानं सांगितलं. तेवढ्यासाठीच तर योगीराजला बसवला होता. पुढेमागे कोणी खणलंच, तर वाण्यांची तिसरी समाधी म्हणून पूजा करून हलवायची."

"मी कशाला मारू त्याला?" बद्रीनाथ म्हणाला. "त्याच्या भावाचंच काम करतोय मी."

"ते मला माहीत नाही," आघाव म्हणाले. "ते हरिबाला माहीत आहे. योगीराजनं त्याची गचांडी उगीच धरली नव्हती."

 हरिबा त्या फाडलेल्या पोत्याकडे बघत होता.

"तिसरी निगालती, सायब," तो शेवटी म्हणाला. "मागं टाकीचा खड्डा खांदताना. गुत्तेदार म्हनले, पुन्ना काम बंद पडलं तर बँक दुसऱ्याला काम दील. मजूर जेवाय गेलते. मी माझ्या हातानं हाडं ट्रॉलीत भरली. बिंदुसरा नदीच्या काठाला रिकामी केली." त्याने बेड्या घातलेले हात तोंडाशी नेले. "झोप लागंना. टपरीवर योगीराजला सांगितलं. त्यानं गचांडी धरली, मग सोडली. म्हनला, कुनाला बोलू नको, मी बघतो गुत्तेदाराकडं. दोन दिसानं त्यो दिसंना. मीच सांगितलं न्हवं त्याला. मीच मारला."

बद्रीनाथने मग फार वेळ घेतला नाही. रविवारी दुपारी योगीराज आला होता, ट्रॉलीचं विचारलं, बँकेत आणि ठाण्यात जातो म्हणाला आणि पाठ फिरवली. बद्रीनाथच्या हातात फावडं होतं. बाकीचं आघावांनी सांगितलं तसंच. फक्त एक गोष्ट त्याने स्वतःहून सांगितली: भस्म आणायला तो मल्लिनाथच्या दुकानापर्यंत गेला होता, पण दारात बसम्मा बसलेली दिसली आणि तो परत फिरला.

मोठ्या साहेबांनी हरिबाच्या बेड्या काढायला सांगितल्या. त्या बद्रीनाथला घातल्या.

हरिबा ठाण्यातून बाहेर आला तेव्हा तुळजाबाई उठून उभी राहिली. मल्लिनाथकडून सगळं ऐकून आलेली बसम्मा तिच्याशेजारी लिंबाखाली बसली होती. हरिबा थबकला. मग तिच्या पायाशी बसला आणि कपाळ मातीला टेकवलं.

"आई, मी तोंड उघडलं नसतं तर तुमचा लेक..."

"सांगितलंस ते बरं केलंस," म्हातारी म्हणाली. "न सांगनारे लई हायत."

तिने काठी टेकून उठायचा प्रयत्न केला. तुळजाबाईने तिला धरलं.

"उठ आता. माझा सासरा कुटं टाकलाय ते दाखव."

पूर्ण ऊन चढलं होतं. बिंदुसरेचं पात्र कोरडं होतं, काठाने बांधकामांच्या विटांचे तुकडे, सिमेंटची रिकामी पोती, फुटक्या फरशा टाकलेल्या होत्या. शहरात जे जे उभं राहत होतं त्याचा उरलेला भाग इथे येऊन पडत होता. हरिबा ढीग ओळखत पुढे चालला. एका जागी थांबला, गुडघ्यावर बसला आणि फावडं न मागता हातानेच माती उपसायला लागला. बसम्माने पदर पसरून धरला आणि वाट पाहत उभी राहिली.