पत्त्याची ओळ रिकामी ठेवू नये

गुरुदत्तला 'नाही' म्हणता येत नसे. इंटिरिअर डिझायनरच्या धंद्यात हा आजार बऱ्याच जणांना असतो, पण याच्या तो हाडीमाशी खिळला होता. गिऱ्हाइकाने हॉलमध्ये राजस्थानी कमान मागितली, हा हो म्हणाला. कमान उभी राहिल्यावर तीच पाडायला सांगितली, तरी हो. शिवमंदिराजवळच्या एका काकांनी देवघरात पंखा मागितला, तेव्हाही "करूया की" म्हणाला आणि निरंजन का विझतं याची तक्रार वर्षभर ऐकत बसला.

या होकारांपायी अर्ध्या अंबरनाथची घरं सजली आणि याच्या घरातली छोटी खोली तशीच राहिली. दहा बाय नऊची. मुलगी जिज्ञासा पाचवीत असताना ती खोली तिला अभ्यासाला द्यायचं ठरलं होतं. आता ती दहावीत होती आणि डायनिंग टेबलावर कुकरच्या शिट्ट्या ऐकत प्रमेयं सोडवत होती. खोलीत लोकांनी नको म्हटलेल्या फरश्या आणि सनमायकाचे तुकडे.

शेवटी बायकोचा, वैदेहीचा, संयम संपला. बदलापूरला इंटिरिअर डिझायनरांचं दोन दिवसांचं निवासी शिबिर होतं, विषय 'क्लायंटला नाही म्हणा, धंदा वाढवा'. तिने परस्पर त्याचं नाव घातलं.

"एका तरी माणसाला नाही म्हणून या," ती म्हणाली. "नाहीतर परीक्षा होईपर्यंत मी लेकीला घेऊन कात्रपला दादाकडे जाते. तिथे तिला खोली आहे. आणि दाराला कडीसुद्धा आहे."

हे ती चिडून बोलली असती तर चाललं असतं. ती शांतपणे बोलली, म्हणून गुरुदत्त घाबरला. शनिवारी पहाटे टेम्पो बोलावून त्याने खोलीतला सगळा पसारा हलवला, झाडू मारला आणि मगच बदलापूरची वाट धरली.

शिबिर गावाबाहेरच्या एका फार्महाउसवर होतं. तिथे स्विमिंग पूल होता, पण त्यात पाणी नव्हतं आणि कडेला वाळत घातलेल्या मिरच्या होत्या. एकूण अकरा डिझायनर. त्यांत विठ्ठलवाडीची राजसीही होती, वय तीस, जिने गेल्या दोन वर्षांत गुरुदत्तची चार गिऱ्हाइकं गोड बोलून नेली होती. शिकवणारे उन्मेष सर दर दहा मिनिटांनी तीन टाळ्या वाजवून "एनर्जी!" म्हणत. जेवणाचं आणि चहाचं पुतळाबाई बघत. ती जमीन पूर्वी त्यांच्या सासरची होती, आता तिथेच त्या कामाला होत्या. उन्मेष सरांनी टाळी वाजवली की त्या दचकून कपाळाला हात लावत.

रविवारी जेवणं झाल्यावर खरी परीक्षा आली. जोड्या करायच्या, एकाने क्लायंट व्हायचं, दुसऱ्याने डिझायनर. क्लायंट वाटेल ते मागणार, डिझायनरने हसतमुखाने नाही म्हणायचं आणि शेवटी छापील फॉर्म भरून सही करायची. अकराव्या माणसाला जोडी उरली नाही. तो अर्थातच गुरुदत्त.

"नो प्रॉब्लेम," उन्मेष सर म्हणाले आणि त्यांनी त्याच्यासमोर एक रिकामी प्लास्टिकची खुर्ची ठेवली. "क्लायंट इमॅजिन करा. तुम्हाला तीस वर्षांचा अनुभव आहे, सर."

गुरुदत्तला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण फॉर्म समोर आला की तो भरायचा, ही त्याची सवय. त्याने घसा खाकरला आणि खुर्चीला विचारलं, "घरात माणसं किती?"

आणि उत्तर लिहिलं. सध्या एक. नंतर दोन.

हे आपल्याला कसं सुचलं, याचं त्याला जरा नवल वाटलं. मग वाटलं, इतकी गिऱ्हाइकं पाहिली, काहीही सुचेल. त्याने पुढचा प्रश्न विचारला. खिडक्या? खिडकी नको, बुजवा. हात लिहीत गेला.

"नाही हं बाई," गुरुदत्त म्हणाला. "हवा कुठून येणार?"

त्याला गंमत वाटू लागली. नाही म्हणणं इतकं सोपं असतं तर! पुढे छत आलं. खाली घ्या, चार फुटांवर. नाही. मग दार. दार कशाला? भिंत सलग करा.

"नाही म्हणजे नाही," गुरुदत्तने टेबलावर हात आपटला. "दाराशिवाय खोली होत नसते. माझ्या धंद्यात तरी नाही!"

इतक्यात शेजारच्या टेबलावरून राजसी वळली. "सर, प्लीज, तुमच्या मॅडमना जरा हळू बोलायला सांगा ना. इकडे काही ऐकू येत नाहीये."

तिला टोमणे मारायची खोडच होती. गुरुदत्तने दुर्लक्ष केलं.

त्याने अकरा वेळा नाही म्हटलं. शेवटी एकच ओळ उरली, साइटचा पत्ता. आता काल्पनिक बाईला कुठला पत्ता? पण ओळ रिकामी ठेवणं त्याच्या रक्तात नव्हतं. पत्ता नसलेला फॉर्म म्हणजे कुंकू नसलेली पत्रिका. त्याने सरळ आपल्या फ्लॅटचा पत्ता घातला, मजला, नंबर, खालची खूण म्हणून पिठाची गिरणी. पुढे खोलीही लिहिली, छोटी, दहा बाय नऊ, रिकामी. माप तोंडपाठ असलेली ती एकच खोली होती. खाली झोकात सही ठोकली.

निकाल लागला आणि गुरुदत्त पहिला आला. उन्मेष सरांनी त्याला मिठीच मारली.

"काय व्हॉइस काढता हो! ओठ हलले नाहीत, आणि आवाज समोरून! मिमिक्री कधी शिकलात?"

"बाईचा आवाज एकदम रिअल," राजसीसुद्धा म्हणाली. "मला तर भीतीच वाटली. 'मी येते मग', कसलं म्हटलंत ते!"

"मी कुठे म्हटलं?" गुरुदत्त म्हणाला.

सगळे हसले. त्यांना हाही त्याचा विनोदच वाटला.

गुरुदत्तही हसला, पण त्याला ते काही पटलं नाही. फॉर्म घ्यावा म्हणून तो टेबलाशी गेला. फॉर्म नव्हता. त्याने खुर्चीखाली पाहिलं, मग पिशवीत. पुतळाबाई चहाचे कप गोळा करत होत्या. त्यांनी सगळ्या खुर्च्या एकात एक रचल्या होत्या, ही एक सोडून.

"मावशी, इथला कागद पाहिलात?"

"तो त्या बाय घेऊन गेल्या ना."

"कोण बाई?"

"तुमच्या समोर बसलेल्या. मंगाशीच गेल्या. अंबरनाथला रिक्षा मिळंल का, इचारत व्हत्या." पुतळाबाईंनी खुर्चीवरून फडकं फिरवलं आणि हात झटकन मागे घेतला. "गार हाय अजून."

गुरुदत्तने खुर्चीला हात लावला नाही. बाहेर ऊन रखरखत होतं, मिरच्यांचा ठसका घशात बसत होता. त्याने वैदेहीला फोन लावला.

"म्हटलंत का कुणाला 'नाही'?" तिने पहिलं तेच विचारलं.

"अकरा वेळा. पण तू ऐक..."

"अगं बाई!" ती इतकी खूश झाली की त्याला पुढे बोलवेना. "तरीच! तरीच तुम्ही लगेच काम सुरू केलंत. त्या तुमच्या बाई आल्यात ना मघाशी, तुमच्या सहीचा कागद घेऊन. चहा नको म्हणाल्या. खोलीची मापं घेतायत, जिज्ञासा टेप धरायला गेलीय. किती आनंदात आहे पोरगी! मी डाळ चढवलीय, ठेवते हं."

फोन बंद झाला. गुरुदत्तने लगेच जिज्ञासाचा नंबर लावला.

ती हळू बोलत होती. "बाबा, थँक्यू. खोली मस्त होणारेय."

"जिज्ञासा, तू आत्ताच्या आत्ता बाहेर ये. आईजवळ जा."

"थांबा ना. त्यांना एवढंच विचारायचं होतं. खिडकी नको म्हणतात."

"नाही म्हण. ऐकतेस ना? त्यांना नाही म्हण!"

"असं कसं बाबा? किती प्रेमाने विचारतात." टेप सर्रकन आत गेल्याचा आवाज आला. "दार नको म्हणाल्या. मी म्हटलं, करूया की."

"जिज्ञासा!"

पलीकडे काही नव्हतं. खरखरसुद्धा नव्हती.

मग वैदेहीचा फोन आला. ती घाबरलेली नव्हती. काहीतरी आठवत नसल्यासारखा तिचा आवाज होता.

"अहो," तिने विचारलं, "आपल्या पॅसेजमध्ये दारं किती होती?"